नांगऱ्याची गोष्ट कुठे आहे?

चॉसर या चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवीच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये यात्रेकरू वाटेत गोष्टी सांगतात. त्यात नाइटची, म्हणजे सरदार-योद्ध्याची, गोष्ट संपते, तो भाग एम.ए.च्या वर्गावर चालू होता. गाइडं इथे 'विनोदी विरंगुळा' लिहून मोकळी होतात. राग येतो, कारण खरी मेख इथेच आहे.

नाइटची गोष्ट २२५० ओळींची. ती संपल्यावर सरायवाला मठवाशाला पुढे बोलावतो. मानाचा क्रम तसाच. तेवढ्यात घोड्यावर धड बसताही न येणारा झिंगलेला गिरणीवाला आडवा येतो: आता मीच सांगणार, नाहीतर हा निघालो. सरायवाला समजावतो, थांब रॉबिन, आधी एखादा बरा माणूस सांगू दे. रॉबिन ऐकत नाही.

दोन्ही गोष्टींचा छंद एकच: ओळीला पाच आघात, दोन-दोन ओळींना यमक. मोठ्याने वाचताना शब्दाअखेरचा हलका 'अ' गिळला, तर आघात लंगडतात आणि हे साम्य कानाला कळतच नाही. म्हणून मी सावकाश वाचून घेत होते. त्यात एका मुलीला ओळ सापडली: 'एकटा, सोबतीला कुणीही नाही.' नाइटच्या गोष्टीत मरणारा आर्सिट थंडगार थडग्याबद्दल हे म्हणतो. गिरणीवाल्याकडे तीच ओळ, शब्दन् शब्द, ऑक्सफर्डच्या निकोलसच्या भाड्याच्या खोलीला लागते. घरमालक सुताराच्या बायकोवर डोळा असलेला विद्यार्थी तो.

मग तिनेच विचारलं, नांगऱ्याची गोष्ट कुठे आहे?

यात्रेकरूंची ओळख करून देणाऱ्या प्रस्तावनेत तो आहे. शेण वाहतो, चर्चचा दशांश चोख भरतो, गरिबाचं काम फुकट करतो. गोष्ट मात्र नाही. मी म्हटलं, ग्रंथ अपुरा राहिला, १४०० मध्ये चॉसर गेला. शिवाय चांदीने मढवलेल्या सुऱ्या बाळगणाऱ्या पाच सधन कारागिरांनाही गोष्ट नाही. तिला पटलं नाही. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात एसेक्सचे लोक लंडनमध्ये ऑल्डगेट वेशीतून शिरले, आणि त्या वेशीवरचं घर तेव्हा चॉसरकडेच होतं, ही आठवण तिने करून दिली. वर म्हणाली, नाइटला उत्तर देणारा गिरणीवाला तरी तळातला कुठे आहे? धान्य चोरून तिप्पट दळणावळ घेतो, ती नांगऱ्यासारख्यांच्याच पोत्यातून.

हा मुद्दा बिनतोड आहे. प्रस्तावनेत नांगऱ्याचं चित्र संपलं की पुढचं चित्र गिरणीवाल्याचं. ही जोडी चॉसरने जाणून लावली, असं मला वाटतं. नांगऱ्याचं गप्प राहणंही जाणूनच का, हे अजून ठरत नाही.