टेकाडावरचं सरपण, पन्नास इंची ट्रेल आणि एटीव्हीची निवड : माझा अनुभव

मिशिगनच्या उत्तर भागात आमची थोडी जंगलजमीन आहे. खाली घर, मागे वाळूचं टेकाड आणि टेकाडावर पांढऱ्या ॲशची झाडं. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात एमराल्ड ॲश बोरर हा किडा पहिल्यांदा सापडला आणि पुढच्या काही वर्षांत त्यानं राज्यातली ॲश उभ्या उभ्या वाळवली. आमचीही गेली. वाळलेलं ॲश ठिसूळ असतं, फांदी कधी खाली येईल याचा भरवसा नसतो. म्हणून झाडं पाडायची, तुकडे करायचे आणि सरपण टेकाडावरून घरापर्यंत उतरवायचं हे काम समोर होतं. त्यासाठी मोठी फोर व्हील ड्राइव्ह एटीव्ही, म्हणजे हँडलनं चालवायची, चार जाड टायरांची कच्च्या वाटेवरची गाडी घ्यायचं ठरवलं. शनिवार-रविवारी तीच घेऊन ट्रेलवर, म्हणजे जंगलातल्या कच्च्या वाटांवरही जायचं होतं.

एका गाडीकडून दोन कामं हवी असली की निवड कठीण होते. ट्रेलसाठी मऊ सस्पेन्शन, उंच चाकं आणि ताकद बरी वाटते. ओढण्यासाठी गाडी बुटकी, जड आणि हळू चालणारी हवी. मी आधी इंजिनाचे सीसी आणि ओढण्याची क्षमता यांचा तक्ता केला. पोलारिस स्पोर्ट्समन ८५० : ७८ हॉर्सपॉवर, १,५०० पौंड. होंडा रुबिकॉन : ५१८ सीसी, १,३२२ पौंड. यामाहा ग्रिझली आणि कोडिॲक : दोन्हींत ६८६ सीसीचं तेच इंजिन, क्षमता पुन्हा १,३२२. हा चमत्कारिक आकडा म्हणजे सरळ ६०० किलो. जपानी कंपन्यांनी किलोत ठरवलं आणि अमेरिकेत ते पौंडांत छापलं गेलं. कॅन-ॲमच्या नव्या आउटलँडर ७०० मध्ये एकच सिलिंडर, ५० हॉर्सपॉवर, आणि क्षमता मात्र १,८३० पौंड! म्हणजे ७८ घोड्यांच्या गाडीपेक्षा ५० घोड्यांची गाडी कागदावर जास्त ओढते. इथंच मला कळलं की हॉर्सपॉवरचा आणि ओढण्याचा थेट संबंध नाही. चौकट, हिच (ट्रेलर जोडायची मागची कडी), गिअर, ब्रेक आणि कंपनीचा हिशेब मिळून तो आकडा ठरतो.

बाबांना फोनवर हे सगळं सांगत होतो. आमची शेती कोल्हापूरकडची, उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘आरं, वढायचं काय घेऊन बसलायस? उताराला थांबतंय का ते बघ आधी.’’

भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलायला लागते आणि चाकं घसरायला लागतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही. त्या दिवसापासून माझा तक्ता बदलला. हिशेब असा : इथं सरपण ‘फेस कॉर्ड’मध्ये मोजतात. चार फूट उंच, आठ फूट लांब आणि तुकड्याच्या लांबीएवढी, म्हणजे साधारण सोळा इंच खोल अशी रास. वाळलेल्या ॲशची अशी एक रास अंदाजे साडेअकराशे पौंड भरते. त्यात लोखंडी ट्रेलरचं वजन धरलं की तेराशे-चौदाशे झालेच. एटीव्हीचं स्वतःचं वजन सातशे पौंडांच्या आसपास आणि ट्रेलरला ब्रेक नाहीत. म्हणजे उतारावर गाडीनं स्वतःच्या दुप्पट वजन एकटीनं रोखायचं. म्हणून एका खेपेत अर्धीच रास आणायची हे मी गाडी घेण्याआधीच ठरवून टाकलं. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये सपाट जमिनीचा आकडा वेगळा आणि चढउताराचा वेगळा, बराच कमी दिलेला असतो. जाहिरातीत येतो तो सपाट जमिनीचा. हिचवर येणाऱ्या उभ्या भाराची मर्यादा तर आणखी वेगळी, ती मागच्या लेबलावर बारीक अक्षरात असते. गाडी बघायला जाल तेव्हा वाकून ते लेबल वाचा.

डीलरकडे गाडीवर बसू देतात, फार तर आवारात एक फेरी. भार लावून बघायला कोणी देत नाही. त्यामुळे स्पोर्ट्समन ८५० एका दिवसासाठी भाड्यानं घेतली. इकडच्या ट्रेलवर वाळूत एकामागोमाग एक खोल लाटा पडलेल्या असतात, तासभर त्यावरून गेलं की कंबर बोलायला लागते. ही गाडी त्यावरून अशी गेली की उतरावंसंच वाटेना. ताकद भरपूर, सीट रुंद, सस्पेन्शन मऊ. तिची फोर व्हील ड्राइव्हची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. बटण दाबलं तरी पुढची चाकं लगेच ओढत नाहीत. मागची चाकं घसरली की पुढची आपोआप जोडली जातात, आणि तेव्हा दोन्ही सारखीच फिरतात. वेगळं डिफ लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र बांधणारं कुलूप, लागत नाही. चिखलात, चढावर हे फार सुंदर चालतं. उतारावर मात्र पुढच्या चाकांनीही इंजिनाचा लगाम घ्यायला हवा असेल, तर ‘ॲक्टिव्ह डिसेंट कंट्रोल’ असलेलं मॉडेल बघून घ्यावं लागतं. माझ्या दृष्टीनं ट्रेलची सर्वांत आरामशीर गाडी हीच.

शेजारच्या म्हाताऱ्या लाकूडतोड्याकडे रुबिकॉन होती. त्यानं आपणहून दिली, वर साखळी आणि लॉग आर्चही दिला. लॉग आर्च म्हणजे दोन चाकांवरची लोखंडी कमान. ओंडक्याचं पुढचं टोक तिला टांगून उचलायचं, म्हणजे ते मातीत रुतत नाही. आठ फूट लांब आणि फूटभर जाड ॲशचा ओंडका पावणेतीनशे पौंडांच्या घरात जातो. नुसता फरफटत नेला तर पुढचं टोक नांगरासारखं माती उकरत जातं आणि मुळाला अडकलं की गाडी जागच्या जागी उभी. कमानीवर टांगला की तोच ओंडका निमूट मागे येतो. बाकीच्या बऱ्याच एटीव्हींत इंजिनाची ताकद बेल्टवरून चाकांकडे जाते; रुबिकॉनमध्ये बेल्ट नाही, खरे गिअर आहेत. ड्युअल क्लचचे पाच, शिवाय हळू पण जोरात ओढणारा खालचा, म्हणजे लो रेंज. हँडलवरच्या बटणांनी गिअर हातानं टाकता येतो आणि टाकलेला गिअर धरून राहतो. पहिल्या गिअरमध्ये उतारावर ती माणसाच्या चालीनं आली, ब्रेकला हात लावावा लागला नाही. ओढण्यापुरतंच बघायचं असतं तर मी तिथंच थांबलो असतो. ट्रेलवर मात्र वाळूच्या मोठ्या चढात ती धापा टाकते असं मला वाटलं आणि लाटांवर पोलारिसचा आराम नाही.

मग मित्राची कोडिॲक ७००. यामाहा म्हटलं की बहुतेक लोकांच्या तोंडी ग्रिझलीचं नाव असतं. इंजिन एकच, पण ग्रिझलीची चाकं मोठी आणि ती जमिनीपासून उंच. कोडिॲकची चाकं पंचवीस इंची, बसण्याची जागा खाली, बांधा कामाचा. मागे भार असताना आणि तिरक्या उतारावरून जाताना खालचा गुरुत्वमध्य किती कामाला येतो हे टेकाडावर लगेच जाणवतं. हिच्यात बेल्ट आहे, पण यामाहाची अल्ट्रामॅटिक पद्धत वेगळी. बेल्ट सतत ताणलेला राहतो, गाडी हलवण्याचं काम वेगळा क्लच करतो आणि वन-वे क्लचमुळे ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन चाकांना जोडलेलंच राहतं. फोर व्हील ड्राइव्ह लावून, लो रेंजमध्ये, अर्धी रास भरलेला ट्रेलर मागे लावून टेकाडाच्या टोकाला आलो. ॲक्सिलरेटरवरचा अंगठा सोडला. इंजिनाचा आवाज चढला, गाडीनं किंचित दम धरला आणि चारही चाकांनी मिळून तो भार खाली आणला. ट्रेलरनं एकदाही मागून ढकललं नाही. हिच्यात पुढच्या डिफचं लॉकही बटणावर आहे, त्यामुळे ओल्या पाल्यावर एक चाक रिकामं फिरत बसत नाही.

रुंदीचा मुद्दा अनेक जण विसरतात. मिशिगनमध्ये ज्यांना ‘ओआरव्ही ट्रेल’ (ओआरव्ही म्हणजे ऑफ-रोड व्हेइकल, कच्च्या वाटेवरची गाडी) म्हणतात ते पन्नास इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या गाड्यांसाठी आहेत. त्याहून रुंद गाडी असेल तर ‘रूट’ म्हणतात त्या रुंद वाटांवरच जावं लागतं. स्पोर्ट्समनचंच ‘एक्सपी १००० एस’ हे मॉडेल पंचावन्न इंच रुंद आहे. गाडी दिमाखदार, पण घराजवळचा सर्वांत देखणा झाडीतला ट्रेल तिला बंद. कोडिॲक पन्नासच्या बरीच आत बसते.

तर कोडिॲक घेतली. खरेदीत डोकं खाल्लं ते गाडीनं नव्हे, किमतीनं. एका डीलरनं फोनवर सांगितलेल्या किमतीत कागद करताना वाहतूक, जोडणी, कागदपत्रं असे एकेक आकडे चिकटवले. मी तिथून उठलो. दुसरीकडे आधीच ‘सगळं धरून, दारातून बाहेर नेईपर्यंत किती’ एवढंच विचारलं आणि ते लेखी घेतलं. त्यापुढे राज्याचं टायटल (मालकीचा कागद), ओआरव्ही लायसन्स २६.२५ डॉलर आणि ट्रेल परमिट १० डॉलर. दोन्हींचं वर्ष १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत असतं, त्यामुळे फेब्रुवारीत काढण्यात अर्थ नाही. विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र) ३,५०० पौंडांची, पोलादी तारेऐवजी सिंथेटिक दोराची घेतली. तार तुटली तर चाबकासारखी मागे येते आणि ती जोखीम मला नको होती. कमी दाब मोजणारं गेज वेगळं घ्यावं लागतं. या टायरमध्ये हवा जेमतेम पाच-सहा पीएसआय असते, मोटारीच्या गेजवर तो आकडा नीट दिसतच नाही.

नवी गाडी सुरुवातीचे वीस तास जपायची असते. पहिले दहा तास अर्ध्याहून जास्त ॲक्सिलरेटर नाही, पुढचे दहा पाऊण, आणि मग तेल बदलायचं. तेवढे तास आम्ही ट्रेलवरच घालवले, ट्रेलर लावला नाही. एक गोष्ट कळकळीनं सांगतो : सरपण ओढताना कायम लो रेंज. हायमध्ये हळू ओढत राहिलं की बेल्ट तापतो आणि जळतो. आणि दोर किंवा साखळी नेहमी हिचलाच लावायची. मागच्या कॅरिअरला लावून ओढलं तर ओढ उंचावरून बसते, पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी चालवणाऱ्याच्या अंगावर उलटते. शेजाऱ्यानं मला साखळी देताना सर्वांत आधी हेच दाखवलं होतं.

ही गाडी एकाच माणसासाठी आहे, मागे कोणाला बसवायचं नाही. एकटा माणूस चढावर पुढे झुकतो, वळणावर आत झुकतो, तेव्हाच ती तोल धरते. बायकोनं हे पहिल्याच दिवशी ऐकलं आणि म्हणाली, ‘‘मग मी काय घरी बसून फाटी मोजू? मला माझी वेगळी हवी.’’ एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा कोर्स आम्ही दोघांनी मिळून केला आणि उतारावरचा तिचा हात माझ्याहून हलका आहे. तिनं शेजाऱ्याची रुबिकॉन चालवली आहे आणि तिला तीच पसंत आहे, गिअर आपल्या हातानं टाकता येतो म्हणून. सध्या तीन डीलरांकडून रुबिकॉनच्या लेखी किमती मागवल्या आहेत. नवीन मॉडेल यायच्या वेळेला जुन्या सालाचा माल उतरत्या भावात निघतो, तोपर्यंत थांबायची बायकोची तयारी आहे.