वीस टाचण्या

आज भाची आणि तिच्या बिल्डिंगमधली तीन पोरं नौपाड्याला आमच्याकडे. बेत विद्युतचुंबकाचा. लोखंडी खिळा, मोटर वायंडिंगची तांब्याची तार, दीड व्होल्टचा मोठा सेल, वीस टाचण्या.

५० वेढे घातले (मोजताना दोनदा भांडणं). सेल लावला. एक टाचणी हलेल तर शपथ! पोरं माझ्याकडे बघतायत, मी सेलकडे. मग ट्यूब पेटली. ही तार उघडी वाटते, पण तिच्यावर इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणारा, पातळ थर असतो. टोकं पॉलिश पेपरने घासली, आतलं गुलाबी तांबं चमकलं आणि खिळ्याला सात टाचण्यांचा झुपका लटकला. सेल काढला की टपटप खाली. दोन मात्र चिकटून.

"मावशी, करंट गेला ना? मग या का नाही पडत?"

खिळ्यात थोडं चुंबकत्व मागे राहतं, म्हणून. पण हा प्रश्न मी शाळेत कधी विचारलाच नव्हता.

तार लगेच तापते, त्यामुळे सेल दोन-चार सेकंदच. आणि भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही, हे दहादा बजावलं.

मग होकायंत्र. तारेजवळ धरलं, सुई वळली. १८२० मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडने हेच पाहिलं होतं. सेल उलटा लावला तर सुई विरुद्ध बाजूला. धाकटा कुजबुजला, "तिला करंट दिसतो?"

आता रात्रीचे अकरा. फ्रिजवरचं लोहचुंबक सतरंजीवरून फिरवतेय. एकोणीस सापडल्या.