घरात मतं किती?

शाळेच्या गेटवर उभी राहून मी ब्रेडमध्ये गुंडाळलेला परतलेला कांदा खात होते, सॉसेज मी खात नाही म्हणून नुसता कांदा, तरी पैसे घेतलेच त्यांनी, आणि तेवढ्यात नाशिकहून आईचा फोन. "झालं का गं मतदान? काही दिलं का कोणी?" म्हणलं अगं इथे मीच दिलेत, तीन डॉलर, कांद्याचे.

ही गोष्ट ३ मे २०२५ ची. इथली लोकसभेची निवडणूक म्हणा. ऑस्ट्रेलियात मतदान शनिवारी असतं आणि बहुतेक शाळांमध्ये, मग शाळेतले पालक बाहेर शेगडी मांडून सॉसेज भाजतात आणि जमलेले पैसे शाळेला देतात. त्याला डेमोक्रसी सॉसेज म्हणतात, चेष्टा नाही करत, खरंच म्हणतात. सिटिझनशिप मिळाल्यावर २०२२ ला पहिल्यांदा मत दिलं तेव्हा मला हे झेपलंच नव्हतं. मतदानाच्या दिवशी खायचं, पण उमेदवाराच्या खात्यावर नाही, स्वतःच्या खिशातून? आमच्या नाशिकच्या सिडकोत सांगितलं तर वेड्यात काढतील.

आतला प्रकार अजून भारी. टेबलावरच्या बाईने नाव विचारलं, पत्ता विचारला आणि मग, या निवडणुकीत आधी मत दिलंय का? म्हणलं नाही. झालं. आयडी नाही, बोटाला शाई नाही. एक हिरवी मतपत्रिका, एक सिनेटची, म्हणजे इथल्या राज्यसभेची, पांढरी (ती एवढी लांब की टेबलक्लॉथ म्हणून चालेल) आणि पुठ्ठ्याच्या आडोशात पेन्सिल. पेन्सिल! मी दोन मिनिटं ती पेन्सिलच बघत बसले, कारण माझ्या डोक्यात निवडणूक म्हणजे अजून ती २०१७ ची रात्र.

तेव्हा मला इथे येऊन तीन वर्षं झालेली, पासपोर्ट भारताचा, नाव अजून नाशिकच्या यादीत. २१ फेब्रुवारीला महापालिकेचं मतदान, मी सुट्टीवर घरी आलेले. आदल्या रात्री, म्हणजे आपली ती पैसे वाटायची कत्तल की रात, साडेदहाला बेल वाजली. दोन पोरं, एकाच्या हातात यादीची झेरॉक्स, दुसऱ्याच्या पाठीला सॅक. "काकू, घरात मतं किती?" आई म्हणाली यादीत सहा आहेत. यादीवाल्याने पेनाचं टोक नावांवरून खाली खाली नेलं आणि म्हणाला, "चार. आजोबा वारले, आणि ताई तर परदेशात असतात." मी त्याच्या मागेच सोफ्यावर बसले होते हो! म्हणलं अरे मी आलेय की. तर तो वळून एकदम आदराने म्हणाला, "सॉरी ताई, वरून चारचंच आलंय."

आता बघा, आजोबांचं नाव काढायला बाबांनी दोनदा फॉर्म भरून दिला होता तरी सरकारी यादीत आजोबा ठणठणीत होते. या पोराच्या झेरॉक्सवर मात्र त्यांच्या नावावर रेघ आणि माझ्या नावापुढे बारीक अक्षरात "बाहेर". मतदार यादी नाशकात खरी कोण अपडेट ठेवतं ते मला त्या रात्री कळलं.

सॅकमधून पाकीट निघालं, त्यात दोन हजाराच्या दोन गुलाबी नोटा. नोटबंदीला साडेतीन महिने झालेले, एटीएमसमोरच्या रांगा आम्ही विसरलो नव्हतो आणि इथे कोऱ्या करकरीत. तेव्हा बहुतेक प्रभाग चार नगरसेवकांचे होते, एकेका मतदाराला चार मतं, त्यामुळे चौघांच्या पॅनलने खर्च वाटून घेतलेला असणार. "चारही बटणं आपल्याच पॅनलची दाबायची काकू, वणीच्या देवीची शपथ आहे." आईने शपथ घेतली नाही आणि पाकीट परतही दिलं नाही. बाबा आतून ओरडले, दार उघडायचंच कशाला. मी तावातावाने म्हणलं खाली जाऊन परत देते, तर आई म्हणाली, परत दिलं की आपण विरोधी पार्टीचे, नावापुढे तशी खूण होणार, आणि ड्रेनेज तुंबलं की उद्या त्यांच्याच दारात जायचंय. तू जाशील विमानात बसून.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही फारसं नाही. लोक म्हणतात गरिबी आहे, शिक्षण नाही म्हणून मतं विकली जातात. मग २०२४ च्या जूनमध्ये नाशिक शिक्षक मतदारसंघात पैठण्या आणि नथी वाटल्याच्या बातम्या आल्या त्याचं काय? तिथे तर मतदार सगळे मास्तर आणि बाई! माझी मावसवहिनी शिक्षिका आहे, तिला विचारलं, तर म्हणे मला नाही आली, आणि आली असती तरी येवल्याची अस्सल थोडीच असणार होती. (गंमत म्हणजे ती निवडणूक इथल्यासारखीच, कागदावर पसंतीक्रमाचे आकडे लिहून होते.) कायद्यात देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार आहेत, लाचेला एक वर्षापर्यंत कैद आहे, पण नुसतं खाऊपिऊ घातलं असेल तर फक्त दंड, म्हणजे मटणाच्या पंगती तशा स्वस्तात सुटतात.

खरी गोम वेगळीच आहे. मत गुप्त आहे तर पैसे घेऊन दुसऱ्याला दिलं तरी कोणाला कळणार, बरोबर? म्हणून तर देवीची शपथ, बेल-भंडारा. आणि शपथ नाही पाळली तरी मोजणी असतेच, कारण मशीनमुळे प्रत्येक बूथचा आकडा वेगळा कळतो आणि बूथ म्हणजे साधारण हजार-बाराशे मतदार, दोन-चार गल्ल्या. कुठल्या गल्लीने दगा दिला हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पाठ असतं. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये टोटलायझर सुचवला होता, म्हणजे बऱ्याच मशीनची मतं एकत्र करून मोजायची, बूथ ओळखू येणार नाही. सरकारने मान्य केलं नाही.

इथेही बूथवार आकडे जाहीर होतात बरं का. पण आपल्या मतदारसंघातल्या कुठल्याही केंद्रावर जाऊन मत देता येतं, आधीच्या दोन आठवड्यांत जाऊनही देता येतं, त्यामुळे माझ्या गल्लीचं मत कुठल्या पेटीत गेलं ते कोणाच्या बापाला कळत नाही. आणि ही माणसं जन्मतः साधू आहेत असंही नाही. १८५६ च्या आधी इथे उघड मतदान व्हायचं, सगळ्यांसमोर नाव सांगायचं, आणि उमेदवाराच्या पैशाने दारू वाहायची. त्या वर्षी व्हिक्टोरियाने (म्हणजे माझ्याच राज्याने, उगाच कॉलर ताठ होते) आणि साउथ ऑस्ट्रेलियाने सरकारी छापील मतपत्रिका आणि आडोसा आणला, माल मिळाला का तेच बघता येईना मग पैसे कोण टाकणार. पुढे १९२४ ला मतदान सक्तीचं केलं कारण आधीच्या निवडणुकीत साठ टक्केही लोक आले नव्हते, आता नव्वदच्या आसपास येतात. नाही गेलं तर २० डॉलर दंड. त्यामुळे लोकांना घरातून काढायला रिक्षा नको, भाडं नको, नाश्ता नको.

हे सगळं मी आईला सांगितलं तर ती म्हणाली मग तिथले पुढारी पैसे खर्च कशावर करतात. करतात की. २०१९ च्या निवडणुकीआधी खेळाच्या क्लबांसाठी १० कोटी डॉलरची योजना होती आणि काठावरच्या मतदारसंघांकडे झुकतं माप दिलं गेलं असं महालेखापरीक्षकांनीच जानेवारी २०२० मध्ये लिहिलं. ते पैसे वाटणाऱ्या मंत्रीबाईंना राजीनामा द्यावा लागला, तोही पैसे मिळालेल्या एका नेमबाजी क्लबची मेंबरशिप लपवली म्हणून. म्हणजे इथे घरटी पाकीट नाही, अख्ख्या मतदारसंघाला ड्रेसिंग रूम. आई म्हणाली हे बरंय, निदान काहीतरी बांधून होतं.

ते पाकीट आईने गोदरेजच्या कपाटात, साडीखालच्या पेपरखाली ठेवलं आणि ठेवलंच. खर्च करवेना, टाकवेना. २०२३ ला दोन हजाराच्या नोटा मागे घेतल्या तेव्हा आठवलं, मग गेली बँकेत, भर मे महिन्यात पाऊण तास रांगेत उभी राहिली. मी फोनवर विचारलं मग काय केलंस त्या पैशांचं? म्हणाली त्याच दिवशी सिलिंडर आला, त्यात गेले हजारेक. बाकीचे तुझ्या वहिनीने भिशीत टाकले.