बारा जानेवारीची बैठक

सोलापुरात १२ जानेवारी आली की गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, लगबग आणि हुतात्मा दिन दोन्ही एकदम येतात. एकीकडे जत्रेत घालायच्या पांढऱ्या बाराबंद्या कपाटातून बाहेर निघालेल्या असतात, दुसरीकडे चार पुतळ्यांपाशी हार घेऊन माणसं उभी असतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आमचं वाचक मंडळ हार घालून तिथून थेट एका शाळेच्या संगणकाच्या खोलीत जायचं. चळवळीतल्या माणसांवरचे मराठी विकिपीडियावरचे लेख वाचायचे, दुरुस्त करायचे, नसतील ते लिहायचे, एवढाच कार्यक्रम. मंडळाची कोजागरी होते, सहल होते, पण बारा जानेवारीच्या बैठकीची सर कशालाच नाही.

खुर्च्या कमी पडायच्या. कॉलेजची पोरं संगणकासमोर, ज्येष्ठ मंडळी त्यांच्या पाठीशी, आणि मधल्या टेबलावर कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. कळफलकावर चटणीचे हात लागू नयेत म्हणून देशपांड्यांच्या वहिनी दाराशीच ओलं फडकं घेऊन बसायच्या. नवीन पोरांना आमचे सर आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, बसवायचे. तिथं हवं ते लिहा, मोडा, कुणाचं काही बिघडत नाही. मग एकच गोष्ट सांगायचे: लेख म्हणजे सत्काराचं भाषण नव्हे आणि आरोपपत्रही नव्हे.

हे बोलणं सोपं, पण चौघा हुतात्म्यांच्या लेखापाशी येऊन सगळे अडले. एका मुलानं भरल्या मनानं चार ओळी घातल्या होत्या: थोर, निष्पाप, खोट्या खटल्यात गोवलेले. कुणीतरी अनामिकानं त्या उडवून फक्त पोलिसांच्या खुनाबद्दल फाशी झाल्याचं ठेवलं. मुलानं उलटवलं, त्यानं परत उलटवलं. संपादन युद्ध म्हणतात ते हेच. सरांनी मुलाला थांबवलं आणि चर्चा पान, म्हणजे लेखातल्या बदलांवर बोलायचं त्याच्या जोडीचं पान, उघडायला लावलं. मग घटना एकेक करून मांडली गेली. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, ८ मे रोजी शहर पेटलं, गोळीबार झाला, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, आणि पुढं सोलापुरावर मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला. इथवर कुणाचं भांडण नव्हतं. भांडण होतं ते दोषी कोण यावर.

तेव्हा मंडळातले एक वकीलकाका उठून म्हणाले, "न्यायालयानं काय ठरवलं ते न्यायालयाच्या नावावर लिहा. अभ्यासकांनी त्या खटल्याविषयी काय म्हटलं ते अभ्यासकांच्या नावावर लिहा, पुस्तक आणि पान देऊन. पण सरकारी कागद म्हणजे तटस्थ कागद असं कुणी समजू नका. मार्शल लॉ लावणारं सरकारही या भांडणातला एक पक्षच आहे."

ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. निःपक्षपाती दृष्टिकोन म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे शब्द वाटून देणं नव्हे. कोण म्हणतंय, कुठल्या आधारावर म्हणतंय आणि त्या आधाराचं वजन किती, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. त्या रात्री विशेषणं गेली आणि त्यांच्या जागी माहिती आली. कुर्बान हुसेन स्वतः ‘गझनफर’ नावाचं वृत्तपत्र चालवत, हे वाक्य तेव्हाच वर आलं. ‘थोर’ म्हणण्यापेक्षा त्यानं माणूस जास्त उभा राहतो, असं माझं ठाम मत आहे.

अण्णांची आठवण तर सगळेच काढतात. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस. एका जुन्या संपाच्या पुढाऱ्यावर लेख चालला होता आणि संपाच्या तारखेपुढं ‘संदर्भ हवा’ असा शिक्का होता. अण्णा म्हणाले, "मी होतो की ओ तिथं! अजून कसला संदर्भ पाहिजे?" खोलीत कुणाला काही सुचेना. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं? पण विकिपीडियावर मूळ संशोधन चालत नाही. आधी कुठंतरी छापून आलेलं, कुणालाही जाऊन पडताळता येईल असंच चालतं. पुढच्या वर्षी अण्णा प्लॅस्टिकच्या पिशवीत युनियनची पत्रकं घेऊन आले. कडा पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटलेल्या, शाई अजून गडद. त्यावरून दुसरी चर्चा पेटली. युनियनचं पत्रक युनियनची मागणी काय होती यासाठी चालेल, पण मोर्चाला किती लोक होते यासाठी ते एकटं पुरत नाही, तसा पोलिसांचा आकडाही एकटा पुरत नाही.

शेवटी मंडळातली एक मुलगी वाचनालयात जुन्या दैनिकांच्या फायली चाळत बसली आणि बातमी शोधून आली. तारीख अण्णांच्या सांगण्याहून वेगळी होती. अण्णांनी भिंग लावून ती छायाप्रत दोनदा वाचली. म्हणाले, "छापलंय ते लावा. पण माझंही कुणीतरी लिहून घ्या, पोरांनो." मग मंडळानं गिरणीतल्या जुन्या लोकांना बोलतं करायला घेतलं. ते बोलणं लेखात थेट येत नाही, पण उद्या एखाद्या अभ्यासकानं वापरून छापलं तर येईल. नियमामुळं अण्णांची आठवण वाया गेली असं काही जण म्हणाले, मला ते पटत नाही. नियम आडवा आला म्हणूनच कुणीतरी अण्णांसमोर वही घेऊन बसलं.

विडी कामगार बायका आमच्या बैठकीत आल्या त्या गोदावरी परुळेकरांच्या लेखामुळं. सोलापूरजवळ कुंभारीला त्यांच्या नावाची विडी कामगारांची वसाहत आहे, त्यामुळं गोदुताई इथं घरातलंच नाव. वारल्यांच्या लढ्यावर त्यांनी लिहिलेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. एक अक्का म्हणाल्या, "ज्यांनी लढा दिला त्यांनीच लिहिलंय, मग दुसरं पुस्तक कशाला?" सरांनी त्यांना शांतपणे समजावलं, की त्या कुठं गेल्या, काय पाहिलं, त्यांना काय वाटलं, हे त्यांच्याच पुस्तकातून घ्यायचं आणि तसं स्पष्ट लिहायचं. लढ्याचं यश किती, चुका कोणत्या, हे मात्र त्यांच्याशी संबंध नसलेल्या अभ्यासकाकडून घ्यायचं. अक्कांना ते लगेच पटलं नाही. पण दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला त्याच पहिल्या बसल्या.

हयात कार्यकर्त्यांच्या बाबतीत मंडळ जास्त जपून असायचं. सर दरवर्षी जॉन सीगेनथालर यांची हकीकत सांगायचे. हा अमेरिकी गृहस्थ १९६१ साली माँटगोमेरीत वंशभेदाविरुद्धच्या आंदोलकांना वाचवताना डोक्यात मार खाऊन पडला होता. त्यांच्यावरच्याच विकिपीडिया लेखात २००५ साली कुणीतरी केनेडी बंधूंच्या हत्येशी नाव जोडून ठेवलं आणि ते महिनोन् महिने तसंच राहिलं. म्हणून हयात माणसाबद्दल आधार नसलेला आरोप चर्चेची वाट न पाहता काढायचा. आणि आधार असलेली टीका? ती राहायलाच हवी. फक्त लेखाच्या शेवटी ‘टीका’ असा वेगळा ढीग मला आवडत नाही. ज्या आंदोलनावर टीका झाली, त्या आंदोलनाच्या परिच्छेदातच ती यावी. ज्यांनी लेखातल्या कार्यकर्त्यासोबत काम केलं होतं, ते आपणहून चर्चा पानावर तसं लिहायचे आणि लेखाला हात न लावता सूचना द्यायचे. आमच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथं हे पाळणं सोपं नाही, पण माणसं पाळायची.

येत्या बारा जानेवारीला शहराच्या पूर्व भागातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या पुढाऱ्यांचे लेख घ्यायचे ठरलंय. संदर्भ मराठीतच हवा असं नाही, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळं चालतं, आणि वाचून दाखवणारी माणसं आपल्याकडं आहेत. ज्यांच्या माळ्यावर जुनी कात्रणं असतील त्यांनी ती आणावीत. कात्रण कापताना वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख बहुतेक वेळा कात्रीखाली जाते, तेव्हा अख्खं पान असेल तर अख्खंच आणा. भाकरी आणि चटणी मंडळाकडून.