पिंग आणि मडकं

आज आजीला घेऊन बेळगावच्या बाजारात खानापूरचं मडकं घ्यायला गेले होते. मोबाईल वाजला. ऑफिसातल्या मैत्रिणीला म्हटलं, "पोचले की पिंग करते."

आजीनं लगेच विचारलं, "पिंग म्हंजे काय गं? वाटी पडल्यागत वाटतंय."

तिचं बरोबरच होतं, तो आवाजच आहे. पाणबुडीतलं सोनार नावाचं यंत्र पाण्यात आवाजाचा एक ठोका सोडतं, समोर काही असलं की त्याचा पडसाद परत येतो. त्या ठोक्याचा आवाज म्हणजे पिंग. माइक म्यूस या अमेरिकन माणसानं १९८३ च्या डिसेंबरात एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला हेच नाव दिलं. पलीकडचा कॉम्प्युटर जागा आहे का, उत्तर यायला किती वेळ लागतो, एवढंच तो बघतो. तिथून हळूहळू "मला मेसेज टाक" या अर्थानं पिंग सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मी हे सांगेपर्यंत कुंभारीण मावशी कानडीत म्हणाल्या, "बडदु नोड्री," म्हणजे वाजवून बघा. आजीनं मडकं उचललं, बोटाच्या पेरानं वाजवलं, कान लावला. बद्द. बाजूला ठेवलं. दुसरं वाजवलं, टण्ण! "हे द्या."

मी बघतच राहिले. ठोका सोडायचा, पडसाद ऐकायचा, आत तडा आहे का ते ओळखायचं. आजी हे लहानपणापासून करत आलीय.

घरी आल्यावर मैत्रिणीला लिहिलं, "पोचले. टण्ण!"