आयरिस उन्हाने नाही, पावसाने गेले

काळपट जांभळ्या आयरिसचे सहा कंद मी मार्चमध्ये हिमाचलातून मागवले. पाकळ्यांवर केसाळ दाढी असते, त्यातला प्रकार. पार्सलमध्ये चिठ्ठी होती: भरपूर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, कंद दोन इंच खोल लावा, माती कायम ओलसर ठेवा. त्या चिठ्ठीचा राग अजून गेलेला नाही.

उन्हाळ्याची भीती सगळ्यांनीच घातली होती. पण गच्चीवर 40 अंशांतही पानांची टोकं वाळली, एवढंच झालं. कोकोपीट दुपारपर्यंत सुकून जायचं, म्हणून कंद तगले.

पाऊस लागला आणि कुंड्या आठवडेच्या आठवडे वाळल्याच नाहीत. जुलैत एक पान हलकेच ओढलं, तर अख्खा झुबका हातात आला. खाली कंद पिकून गळलेल्या केळ्यासारखा. वास इतका की सासूबाई वर येऊन म्हणाल्या, "उंदीर मेलाय का गं कुठे?" जिवाणूंमुळे होणारी ही मऊ कूज. चार कंद गेले. उरलेल्या दोन्हींवरही डाग होते. कूज चमच्याने खरवडत पांढऱ्या, घट्ट गरापर्यंत गेले, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात कंद बुडवून काढले. ऊन नव्हतंच, म्हणून दोन दिवस पंख्याखाली वाळवले.

मग अर्धा मुरूम, अर्धी लाल माती. हळद-आल्यासारखा हा कंद पुरायचा नाही. मुळं मातीत, पाठ उघडी, तिला ऊन लागलं पाहिजे. जूनपासून दसऱ्यापर्यंत कुंड्या पत्र्याखाली, पण उजेडात आणि वाऱ्यावर. हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर चार कंद वाचले असते.

पहिल्या हिवाळ्यात फूल आलं नाही. कळी धरायला याला थंडी लागते. काश्मीरमध्ये कबरींवर आयरिस फुललेले मी पाहिलेत, तिथे बर्फ पडतो. इथे पुण्यात शिवाजीनगरचा पारा 10 च्या खाली गेल्याची बातमी आली की मला हुरूप यायचा. दुसऱ्या वर्षी डिसेंबरमध्ये कुंड्या रात्रभर तापलेल्या राहणाऱ्या भिंतीपासून हलवून टाकीजवळ उघड्यावर नेल्या.

हो, युरिया अजिबात नको. पहिल्या वर्षी मी घातला होता. नुसती लुसलुशीत पानं आली आणि कूज आधी तिथेच शिरली.

फेब्रुवारीत दांडा आला. सकाळी सातला फूल उघडलं, जवळजवळ काळं, दाढी निळसर. मी दहा मिनिटं चहा हातात धरून उभी होते. दुपारी दोनला पाकळ्या चिंब कापडासारख्या लोंबल्या. गडद रंग उन्हात जास्त तापतो, हे तेव्हा लक्षात आलं. दुसरी कळी फुगताच कुंडी अकरानंतर सावली येणाऱ्या कोपऱ्यात नेली. ते फूल तीन दिवस टिकलं.