पाव फेरा

रविवार, रात्री

बुलेटची टाकी आज अखेर ओढाताण न करता बसली. सगळे बोल्ट बोटांनी आत गेले, पाना फक्त शेवटच्या आवळणीला लागला. मला हवं होतं ते एवढंच.

गाडी सत्तरच्या दशकातली, चेन्नईजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. ३४६ सीसीचं एकच सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर. एवढा लांब स्ट्रोक असला की इंजिनचा प्रत्येक ठोका चॅसीतून वर येतो, आणि त्यावर दहा-बारा किलो पेट्रोल भरलेली पातळ पत्र्याची टाकी. म्हणून तर तिच्या बोल्टांना रबरी बुश, म्हणजे भोकाच्या गोल गाद्या, असतात. टाकी चॅसीला जखडायची नसते, तिला रबरावर तरंगत ठेवायची असते. माझ्याआधी कुणीतरी नेमकं उलटं केलं होतं. पुढचा डावा कान, म्हणजे बोल्टसाठी टाकीला जोडलेला भोकाचा पत्रा, वाकलेला होता, भोक जुळत नव्हतं, तर स्क्रूड्रायव्हर घालून ढकलून बोल्ट ठोकलेला. बुशच्या आतलं लोखंडी नळकांडं गायब. ते नळकांडं असलं की बोल्ट त्यावर आवळला जातो आणि रबर मोकळं राहतं. ते काढून टाकलं की रबराचा चेंदामेंदा होतो आणि सगळे हादरे थेट पत्र्यात जातात. कानाच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसायला लागली होती. टाकी डावीकडे कलली, त्याबरोबर पेट्रोलचा पाईप ओढला गेला, त्याला घडी पडली. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या चढावर गाडी गुदमरायची ती ह्याच घडीमुळे, अशी माझी खात्री आहे.

चीर ब्रेझिंगने, म्हणजे पितळ वितळवून, भरून घ्यायची म्हणून टाकी पूर्ण रिकामी करून, धुऊन, काठोकाठ पाणी भरून कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेली. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आतल्या वाफा पेट घेतात. कामाच्या जागेपुरती थोडी जागा सोडून बाकी पाणी हवंच. उद्यमनगरात आता बहुतेक काम फाउंड्रीच्या कास्टिंगचं, लॉटनं चालतं. तरी एका नगासाठी लेथ थांबवणारे मामा अजून आहेत, ही ह्या शहराची श्रीमंती मला खरोखर वाटते. त्यांनी कान हातात धरून पाहिला आणि म्हणाले, "आधी कान सरळ करू, मग डाग. वाकड्यावर डाग मारलास तर वाकडंच पक्कं हुतंय बघ." कान त्यांनी थंडच सरळ केला, दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून, हळूहळू. नळकांडी लेथवर करून दिली, रबरापेक्षा किंचित आखूड.

आज टाकी चढवली. सगळं ढिलं ठेवून, पुढून सुरुवात, मग मागची पट्टी, आणि चॅसीचा पाईप टाकीच्या पोटाला कुठे घासतोय का ते बोट फिरवून. उजवीकडे एका जागी जेमतेम बोट जात होतं, तिथे बुशखाली एक वायसर वाढवला. मग दोन्ही बाजू आलटून पालटून आवळल्या.

ह्यानंतर कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी. खरी मजा इथे आहे.

माझ्या कॉकचं तोंड बाजूला आहे, ते मागे कार्ब्युरेटरकडे बघायला हवं. घट्ट बसवला की ते आत, सिलिंडरच्या फिनकडे (थंडाव्यासाठीच्या पात्यांकडे) वळायचं. म्हणजे पाव फेरा जास्त. लोक अशा वेळी दोनच उपाय करतात. एक तर पाव फेरा मागे सोडून आट्यांवर टेप गुंडाळतात, नाहीतर आणखी पाऊण फेरा जोर लावून फिरवतात. पहिल्यात टेपचे धागे सुटून जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, जाऊन बसतात, दुसऱ्यात टाकीला जोडलेला बॉसच (कॉक ज्यात फिरतो ती आट्यांची जाड कडी) मुळापासून हलतो. हे आटे समांतर आहेत, निमुळते नाहीत. ते गळती रोखत नाहीत, फक्त पकड देतात. गळती रोखतो वायसर.

गेज लावून पाहिलं, पाव इंची बीएसपी, म्हणजे पाईपच्या आट्यांचं ब्रिटिश माप. इंचाला १९ आटे. म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला कॉक १.३४ मिलिमीटर आत जातो आणि पाव फेऱ्याला साधारण ०.३३. म्हणजे काय, तर वायसर मिलिमीटरच्या एक तृतीयांशानं जास्त जाड घातला की तोंड आपोआप मागे वळतं! हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर सुटला तेव्हा मला फार आनंद झाला.

तांब्याचा जाड वायसर आणला. गॅसवर लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्यात सोडला. तांबं पोलादासारखं कडक होत नाही, उलट मऊ पडतं. मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठचा आकडा काढत घासला. मधूनमधून कॉक हातानं लावून बघत होतो. हाताने आवळल्यावर तोंड जागेच्या थोडं अलीकडे थांबलं पाहिजे, कारण पान्याच्या शेवटच्या ओढीत मऊ तांबं किंचित दबतं आणि तोंड जागेवर येतं. आलं.

त्याआधी बॉसचा चेहरा सपाट आहे का ते पाहिलं. काजळाचा पातळ थर वायसरला लावून कॉक फिरवला आणि काढला. काजळ पूर्ण गोलावर उमटलं. अर्ध्या गोलावर उमटलं असतं तर बॉस कललेला आहे, आणि मग कुठलाच वायसर पुरला नसता.

कॉकच्या आतला बूच मात्र सुकून आकसला होता. तो कोमट पाण्यात भिजत ठेवला तर फुगतो, हे खरं, पण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला, बुचाला त्याची सवय नाही. इथेनॉल पाणीही ओढतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरायला तेवढं पुरतं. आपल्याच जिल्ह्याच्या उसातून तयार होणाऱ्या इथेनॉलबद्दल माझी तक्रार नाही, शेतकऱ्याच्या पदरात काही पडत असेल तर पडू दे. पण जुन्या गाडीच्या मालकानं पाईप आणि रबरं त्याला झेपतील अशी घ्यावीत. मी पाईप नवीन टाकला आणि बूच काढून नायट्राइल रबराची रिंग बसवता येईल का, ते मामांना विचारणार आहे.

संध्याकाळी अर्धा लिटर पेट्रोल ओतलं आणि कॉकभोवती खडूची पूड फासली. पेट्रोल उडून जातं, डाग मात्र पुडीत राहतो. तासाभरानं पाहिलं, पूड कोरडी. रिझर्व्हवर फिरवून पाहिलं, तीही कोरडी. पाईप आता मोठ्या वळणानं येतो, फिनला न टेकता.

झाकणाचं हवेचं भोक अजून तपासलेलं नाही. ते बुजलेलं असेल तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरत नाही आणि चढावर पुन्हा तसंच गुदमरेल. उद्या सकाळी बारीक तार घालून पाहायचं, मग पन्हाळ्याकडे.